मशेरीची डबी

पट्टी बदलण्यासाठी खाटेवर सरकताना अनुसयाबाईंच्या कमरेची डबी सुटली आणि घरंगळत थेट सरोज सिस्टरच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

सिस्टरने झाकण उघडून वास घेतला. "ये क्या है, अम्माजी?"

"मंजन है," त्यांची सून प्रणाली घाईने म्हणाली.

"तंबाकू का?"

प्रणालीने जखमेकडे पाहिलं. गुडघा बदलून आज चौदा दिवस झाले. टाके निघायचे होते, पण एक कड अजून ओलीच. आणखी आठवडाभरात भरली नाही, तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते.

सिस्टरने फाईल उलटली. "यहाँ तो 'नहीं' लिखा है. किसने बोला था?"

कोणी ते प्रणालीला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसांनी ऑपरेशननंतर लवकर चालायला लागावं म्हणून या हॉस्पिटलात महिनाभर आधी तयारी करून घेत. व्यायाम, खाणंपिणं, शिवाय श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचं एक प्लास्टिकचं यंत्र. अनुसयाबाई जयपुरातल्या प्रताप नगरच्या घरी गॅलरीत बसून ते गोळे इमानाने उचलत. पण तयारीच्या पहिल्या दिवशी सिस्टरांनी तंबाखूचं विचारलं, तेव्हा शेजारच्याच खुर्चीवर प्रणालीच्या ऑफिसातली मॅनेजरबाई वडिलांना घेऊन बसली होती. अनुसयाबाईंनी तोंड उघडलंच होतं. प्रणालीने त्यांचा हात दाबला. "नहीं जी, हमारे यहाँ ये सब नहीं चलता."

रिक्षात सासू म्हणाली होती, "मशेरीचं सांगायचं व्हतं का गं?"

"ते दात घासायचं, आई. त्यात काय सांगायचं?"

आता सिस्टर थांबली होती. खरं सांगायला एकच वाक्य बोलायचं होतं, तेही हिंदीत. रोजच्या मीटिंगमध्ये प्रणाली अशी शंभर बोलते.

"मैं 'नहीं' बोली," अनुसयाबाई म्हणाल्या. "बहू को कुछ ठाऊक नहीं. म्या चोरून लावतीया. लिवा तुमी, म्हातारी लबाड हाय."

सिस्टर हसली. "अम्माजी, महीना भर छोड़ देतीं, तो घाव जल्दी भरता." मग प्रणालीकडे वळून हळूच म्हणाली, "घर जाके डाँटना मत इनको."

प्रणालीने मान डोलावली. डबी पर्समध्ये टाकली.

नवी पट्टी झाल्यावर दोघी बाहेर पडल्या. अनुसयाबाई वॉकर पुढे टाकत होत्या, एक पाऊल, मग दुसरं. "त्या सिस्टरला म्या लबाडच वाटली बघ," म्हणत त्या स्वतःशीच हसल्या. काळे दात दिसले.

समोरून दोन बायका आल्या. चारचौघांत हसू आलं की तोंडावर पदर धरायची सवय अनुसयाबाईंना जयपुरात आल्यावर लागली होती. प्रणालीनेच लावली होती, नुसत्या नजरेने. आत्ताही त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडला, पदर ओठांशी नेला आणि बाजूला कलल्या.

प्रणालीने दंडाला धरून सावरलं.

"आई," ती म्हणाली, "दोन्ही हात वॉकरवरच ठेवा."

अनुसयाबाईंनी हात ठेवला. ओठ मात्र मिटूनच घेतले.