उष्टा घोट

मित्रांनो, माझा एक कान खिळखिळा झाला आहे आणि एक कोपरा उडाला आहे. मी एक जुना लाकडी ट्रे. माझ्यासारख्या सांगकाम्याने स्वतःची कथा सांगावी का, असा संकोच अजूनही वाटतो. पण एक गोष्ट कितीतरी दिवस फक्त मलाच ठाऊक होती. म्हणून सांगतो.

एका सुताराने खिडक्यांच्या कामातून उरलेल्या फळ्यांपासून मला घडवले. "बाळाच्या गालावरून फिरवा, ओरखडा उठायचा नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगे. आई-बाबांच्या लग्नातली भेट म्हणून मी या घरी आलो. आईच्या बाळंतपणात मी तिच्या पलंगापर्यंत गरम दूध नेले. लेकीला गोवर आला तेव्हा औषधे नेली. ते माझे सर्वांत चांगले दिवस.

पुढे बाबांना बढती मिळाली आणि दर शनिवारी संध्याकाळी त्यांचे मित्र येऊ लागले. दारूचे ग्लास, बर्फ, शेंगदाणे, सगळे माझ्यावर. मला उचलायचे काम लेकीचे. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. घरात तिला चिऊ म्हणत.

"पोरगी मोठी गुणाची हो!" मित्र म्हणत.

"मग! बापावर गेलीये."

"नाक तेवढं बापाचं," आई आतून टोला देई, आणि सगळे हसत.

त्या कौतुकात माझाही वाटा आहे असे समजून मी फुगत असे.

बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. परत जाताना चिऊ मला तिथल्या चपलांच्या कपाटावर टेकवी. एकदा तिने एका ग्लासाच्या तळाशी उरलेला घोट पिऊन पाहिला. तोंड वेडेवाकडे केले. पुढच्या शनिवारी दोन ग्लास. मग सगळेच. बैठकीतून निघताना माझे वजन एक असे आणि ओट्यावर पोचताना दुसरे. हा फरक फक्त मला कळत होता, आणि मला तोंड नव्हते.

एका शनिवारी तिचा तोल गेला. ग्लास फुटले, माझा कोपरा उडाला.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" आई ओरडली.

"असू दे, दमली असेल," बाबा म्हणाले. काचा गोळा झाल्या. वास येऊ नये म्हणून चिऊने तोंडावर हात धरला होता, तो कुणी पाहिला नाही.

त्यानंतर शाळेत पालकांची सभा होती. चहासाठी आईने मला तिथे नेले. दवाखान्यातल्या परिचारिकाबाई दारूच्या व्यसनावर बोलायला आल्या होत्या. "आमच्या घरात असलं काही नाही, असं म्हणून मागे बसलेत ते जरा पुढे या," त्या म्हणाल्या. लोक हसले. बाबाही हसले, आणि मागेच बसले.

चहा झाल्यावर बाईंनी सगळे कप माझ्यावर गोळा केले आणि एकेका कपातला उरलेला घोट एका ग्लासात ओतला. ग्लास काठोकाठ भरला.

"हा चहा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी मित्रमंडळी उठल्यावर ग्लास कोण उचलतं?"

त्यांनी तो भरलेला ग्लास उंच धरला.

"बाटलीला आपण कुलूप लावतो आणि हे मुलांच्या हातात देतो. वाढत्या वयाला एवढंही सोसत नाही."

बाबांची नजर माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर खिळली होती.

घरी येताच त्यांनी चिऊला जवळ बसवले. मला वाटले, आता काही खरे नाही.

"चिऊ, तू पितेस का गं?"

"रागावणार?"

"नाही."

"मग... हो. मी शनिवारची वाट बघत असते, बाबा." आणि ती रडू लागली.

बाबांनी तिला जवळ घेतले. "ट्रे तुझ्या हातात मीच दिला," ते म्हणाले. "आधी चूक माझी."

काही महिने तिघेही परिचारिकाबाईंकडे जात राहिले. चिऊ कधी चिडायची, दार आपटायची. शनिवारच्या बैठका बंद झाल्या तेव्हा मित्रांनी बाबांना चिडवले, "काय राव, एकदम सोवळ्यात!" बाबा म्हणाले, "लेकीसाठी कोवळा झालो म्हणा हवं तर." शनिवारी आता तिघे कॅरम खेळतात. मी सरबताचे तीन ग्लास घेऊन त्याच बोळातून जातो. निघताना जेवढे वजन, पोचतानाही तेवढेच.

उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. तरी मित्रांनो, असे उष्टे ग्लास उचलायला कुणी सांगितले तर नाही म्हणा. आणि हे वाचून दाखवणाऱ्या आई-बाबांनो, मूल आपणहून सांगेल म्हणून थांबू नका, तुम्हीच विचारा. घोट घेतला असेल, तर मुलांनो, भीती वाटली तरी सांगून टाका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.