सुईच्या रांगेतली घागर

उमादेवी गेल्याची खबर लातूरच्या दवाखान्यातून आली, त्या दिवशी मी काठोकाठ भरलेली होते. दुष्काळात भरलेली घागर म्हणजे घरची श्रीमंती. पण त्या दिवशी माझ्यातलं पाणी कुणी प्यायलं नाही.

मित्रांनो, मी जळकोटजवळच्या एका खेड्यातली जुनी पितळी घागर. गळ्यावर उमादेवीचं नाव कोरून घेऊन मी तिच्या लग्नात या घरी आले. ती मला चिंचेनं घासून लख्ख ठेवायची.

त्या वर्षी टँकर आठ दिवसांनी यायचा. बायका रांगेत भांडं ठेवून कामाला जायच्या. भांड्याचा नंबर तोच बाईचा नंबर.

एका सकाळी शाळेत फ्लूची लस आली. नर्स सरस्वतीबाई सांगत होत्या, "गरोदर बाया, लहान लेकरं, साठीच्या पुढचे, शुगर, बीपी, दमावाले, सगळ्यांनी घ्या. आणि ही दर वर्षी घ्यावी लागते."

उमादेवीला शुगर होती. ती रांगेत उभी राहिली. टँकर कधीही येईल म्हणून मी तिच्या कडेवर होते. तेवढ्यात हॉर्न वाजला. तिचा नवरा शिवमूर्ती पारावर नवा जिल्हा होणार की नाही, या गप्पांत रंगला होता. तिथूनच ओरडला, "अगं, सुई उद्या भी मिळंल! पाणी मिळंल का?"

उमादेवीनं मला आपल्या जागेवर ठेवलं आणि घरातले प्लास्टिकचे हंडे घ्यायला पळाली.

माझा नंबर आला.

"ही घागर कुणाची?"

"उमाक्काची हाय, पाण्याला गेली," शेजारची शरणम्मा म्हणाली. "घागरीलाच टोचा की, बाई!"

सगळे हसले. सरस्वतीबाई हसल्या नाहीत. जाताना शिवमूर्तीला म्हणाल्या, "गुरुवारी त्यांना उपकेंद्रात पाठवा. विसरू नका."

गुरुवारी शिवमूर्ती म्हणाला, "आज कापूस येचायचाय. पुढच्या गुरुवारी जा." असे पाच गुरुवार गेले. मग तिला फ्लूनं गाठलं. ताप आला, धाप लागली. लातूरला नेलं, ती परतलीच नाही.

आता मला कुणी घासत नाही. गळ्यावरचं नाव काळं पडलंय.

मित्रांनो, पाण्याच्या रांगेत माझ्यासारखं भांडं चालतं. सुईला माणूसच लागतं. यंदाची लस आली. शरणम्मानं पहिल्याच दिवशी घेतली. शिवमूर्ती पासष्टीचा आहे, दम्याचा आहे. सरस्वतीबाई दोनदा दारात येऊन गेल्या.

"बघू गुरुवारी," तो म्हणतो.

त्यानं अजून सुई घेतलेली नाही.