शिशाचा आलेख

कार्मिन डाबरे वसईजवळच्या पापडीची. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत तिचं पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. तिचे मार्गदर्शक डॉ. दीनानाथ सामंत वसईतच राहायचे.

वीज वाहताना कुठल्याही तारेत थोडा विरोध होतोच. काही धातू भयंकर थंड केले की हा विरोध शून्यावर येतो. साध्या खोलीच्या तापमानाला असं वागणारा पदार्थ शोधायला जगभर चढाओढ आहे. तो आपल्याला सापडला, असं सामंतांनी जानेवारीत जाहीर केलं. शोधनिबंधावर कार्मिनचं नाव तिसरं होतं. मोजणी झाली तेव्हा मात्र ती टायफॉइडने घरी पडून होती.

आठ मार्चला वसईतल्या एका मंडळाने 'भौतिकशास्त्रातील स्त्रिया' असा कार्यक्रम ठेवला. व्याख्याते सामंत, आणि कार्मिनचा सत्कार. तिचे वडील प्लासिड वाडीतलं काम टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत येऊन बसले होते.

सरांचा पेनड्राइव्ह लावून स्लाइड तपासायचं काम अर्थात तिच्याकडे होतं. निबंधातल्या आलेखात गुळगुळीत करून छापलेली विरोधाची रेघ इथे मूळ रूपात होती. वीस अंशांना रेघ खाली कोसळत होती आणि मग सपाट जाताना तिला तीन दात फुटले होते, मधला आखूड. कार्मिनने ती ओळखली. पहिल्या वर्षी यंत्र तपासायला तिने शिशाची तार मोजली होती. शिसं उणे दोनशे सहासष्ट अंशांना शून्य विरोध दाखवतं, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. त्या दिवशी शेजारच्या खोलीतला पंप तीनदा सुरू झाला आणि रेघ थरथरली होती. ही तीच रेघ होती. खालचे तापमानाचे आकडे तेवढे बदलले होते.

सामंत आतल्या खोलीत कटलेट खात होते.

"सर, हा ग्राफ माझ्या शिशाचा आहे."

त्यांनी खाणं थांबवलं नाही. "मग? आपला नमुनाही असाच वागतो. हवा लागून खराब झाला, नाहीतर हेच दिसलं असतं."

"पण दिसलं नाही ना."

"तुझं नाव आहे त्याच्यावर, कार्मिन. पुढे परदेशात जायचंय ना तुला? जा, साडी नीट कर. फोटो काढायचेत." सत्काराच्या शालींचा गठ्ठा शेजारीच होता. वरच्या शालीच्या टोकाला त्यांनी तेलकट बोटं पुसली.



व्यासपीठावर सामंत म्हणाले, "केसाएवढ्या बारीक तारा जोडायला मी मुलीच घेतो. शिवणकामाचा हात असतो त्यांना." बायका कौतुकाने हसल्या. मग कार्मिनच्या खांद्यावर शाल पडली आणि माईक हातात आला.

"सरांनी दाखवलेला ग्राफ या पदार्थाचा नाही," ती म्हणाली. "तो शिशाचा आहे. मी तीन वर्षांपूर्वी मोजलेला."

निवेदिका म्हणाली, "बघा, किती अभ्यासू मुलगी," आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सामंतांनीही. प्लासिडही वाजवत होते.

त्याच आठवड्यात तिने निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला शिशाच्या मोजणीची मूळ फाइल पाठवली. संस्थेतल्या महिला समितीच्या प्रमुख विनया मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"खरं असेल तुझं," त्या म्हणाल्या. "पण उद्या म्हणतील, मुली घेतल्या की तक्रारी येतात. बाकीच्या मुलींचा विचार कर."

"त्यांचाच करतेय, मॅडम."

मॅडमनी तिच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली. कार्मिन उठून गेली.

ऑक्टोबरमध्ये निबंध मागे घेतला गेला. सूचनेत कारण होतं: एका विद्यार्थिनीच्या हातून नोंदींची सरमिसळ झाली. ते वाचून ती बेसिनपाशी जाऊन ओकली. मग तोंड धुऊन तिने पुन्हा पत्र लिहिलं. सोबत आपले रजेचे कागद जोडले आणि प्रयोगशाळेच्या सर्व्हरच्या नोंदीतून, सामंतांच्या संगणकावर शिशाची फाइल तिच्या रजेतच उघडली गेल्याची तारीखही दिली. दीड महिन्याने सूचनेतून 'विद्यार्थिनी' शब्द निघाला. सामंतांचं नाव त्या जागी आलं नाही.

"संपलं ना आता?" प्लासिडनी विचारलं.

"त्यांना काही झालं नाही, पप्पा. मलाच गाईड बदलावा लागला. दोन वर्षांचं काम वाया गेलं."

"मी टाळ्या वाजवल्या गं," वडील म्हणाले.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

जानेवारीत सामंतांकडे दोन नव्या विद्यार्थिनी आल्या, टिफनी आणि क्षितिजा. कार्मिनने दोघींना कँटीनमध्ये बसवून सगळं सांगितलं, दोन्ही रेघा शेजारी ठेवून दाखवल्या. टिफनीने दुसऱ्याच दिवशी गाईड बदलायचा अर्ज दिला. क्षितिजाने रेघा नीट पाहिल्या, मधल्या आखूड दातावर बोटही ठेवलं.

"कळलं मला," ती म्हणाली. "पण ताई, सर डिग्री वेळेवर देतात."

ती पिशवी उचलून सामंतांच्या खोलीकडे गेली. कार्मिनच्या पुढ्यातला चहा तसाच राहिला.