डाव्या आट्याचा सोऱ्या

मी डावरी नाही. लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा चांगली उजव्या हाताची होते, आणि घरात एकटी असले की आजही असते. पण आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, गिरिजाकाकू डावऱ्या आहेत असंच सांगतील. बावन्न वर्षांपूर्वी नवऱ्याची अब्रू राखायला मी डावरी झाले, ती झालेच.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मला कुरडया घालायला बसवलं. त्यांचा सोऱ्या लाकडी. दांडा खाली जावा म्हणून दोन बायकांनी त्याला अक्षरशः लोंबकळायचं. चीक गरम असेतो घाई, गार झाला की सगळा फुकट. तिसऱ्या दिवशी माझे हात खांद्याच्या वर जाईनात, वेणीसुद्धा नणंदेनं घालून दिली. आमचे हे, शांतलिंग मास्तर, गावातल्या तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. बायकोची कीव आली हे चारचौघांत बोलायची तेव्हा रीत नव्हती. त्यांनी कागद घेतला आणि पितळी सोऱ्याचं ड्रॉइंग काढायला बसले. खाली नळकांडं, वर झाकण, झाकणातून उतरणारा आट्यांचा दांडा आणि त्याला फिरवायची मूठ. मूठ फिरवली की आटे एकेक पायरी उतरत दांडा खाली ढकलणार, एका हाताचं काम. मग ते पातळ ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवलं. एकेक आटा वेगळा काढला. अठ्ठावीस आटे, आणि प्रत्येकाची तिरकी रेघ सारखी.

मास्तरांची रेघ हे त्या काळी उमरग्यात मोठं प्रकरण होतं. जाड रेघेच्या जागी बारीक आली म्हणून त्यांनी पोरं नापास केली. चुकीची रेघ मारण्यापेक्षा उपाशी झोपा, असं ते वर्गात सांगायचे आणि पोरांना ते खरं वाटायचं.

पंधरा दिवसांनी सोऱ्या तयार होऊन आला. सासूबाई, नणंद, शेजारच्या चौघी जमल्या. मी मूठ धरून नेहमीसारखी उजवीकडे फिरवली. दांडा खाली जायचा सोडून वर आला. पुन्हा फिरवली, आणखी वर आला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मग मास्तरांकडे. मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "डावा आटा आहे तो. मुद्दाम करून घेतलाय. हिचा डावा हात चालतो."

मी माझे दोन्ही हात बघितले. मग मला उमगलं. रेघा उलट्या चढल्या होत्या, आणि जगातल्या कुठल्याही रेघेवर बोट ठेवणारा हा माणूस स्वतः चुकला होता. मी मूठ डाव्या हातात घेतली, डावीकडे फिरवली, आणि चीक ताटात उतरला.

पुढचं निस्तरणं माझ्या वाट्याला आलं. फक्त सोऱ्यापुरती डावरी असून भागेना. बायका बघायच्या, म्हणून नारळ डाव्या हातानं खवायला लागले, चहा डाव्या हातानं गाळायला लागले. हळदीकुंकवाला सासूबाई आधीच सगळ्यांना सांगून टाकायच्या की कुंकू मात्र ती उजव्याच हातानं लावते, काळजी करू नका. श्रावणात माझी आई आली, तर त्यांनी तिला दारातच धरलं. पोरगी डावरी आहे हे लपवलंत म्हणाल्या. आईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी डाव्या हातानं लसूण ठेचत होते. आई म्हणाली, आमच्याकडं होती तवर नव्हती, इकडच्या पाण्यानं झाली असंल.

सोऱ्याबरोबर ट्रेसिंगचा कागदही परत आला होता. चुकीचा तोच एक पुरावा. मी तो धड न बघताच गुंडाळला आणि ट्रंकेत इरकल साडीच्या घडीखाली दडवला. मास्तरांनी एकदा विचारलं, मी उंदरांनी खाल्ला म्हणाले. परत त्यांनी नाव काढलं नाही. सुटले बिचारे, असं मला वाटलं.

अशी बावन्न वर्षं गेली. गल्लीतल्या साऱ्या कुरडया त्या सोऱ्यातून झाल्या. नव्या सुना यायच्या, उजवीकडे फिरवायच्या, आणि जुन्या हसायच्या. मास्तर रिटायर झाले, गुडघे गेले, पण पेन्सिलीला टोक करणं सुटलं नाही.

यंदा आमची नात अर्पिता मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यांना घरातली एखादी जुनी वस्तू मोजून तिचं ड्रॉइंग काढायचं होतं, झिजलेला भाग नवीन करून घ्यायचा होता आणि प्रत्येक भाग तसाच का, याचं कारण तोंडी सांगायचं होतं. पोरीनं नेमका माझा सोऱ्या उचलला. ड्रॉइंग काढून मला दाखवलं. दांड्याच्या जागी दोन जाड रेघा, आत दोन बारीक रेघा. मी विचारलं, आटे कुठं आहेत? ती म्हणाली, आजी, हेच आटे, हल्ली असंच दाखवतात, सगळ्यांना कळतं. मास्तर ते बघून दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. अठ्ठावीस आट्यांचं काम चार रेघांत उरकलं म्हणून.

खरी अडचण पुढेच होती. तिनं बाजूला 'डावा आटा' अशी टीप लिहिली आणि कारण शोधायला लागली. मी नेहमीचं सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"आजी, तू जेवतेस उजव्या हातानं. सुई ओवतेस उजव्या हातानं. लहानपणी मला रट्टे दिलेस तेही उजव्याच हातानं. तू डावरी कुठं आहेस?"

मी म्हणाले, रट्टा घाईत दिला जातो, त्याचं धरू नये.

त्यात बाहेरून येणारे परीक्षक कोण, तर बालाजी सर. मास्तरांनी एका रेघेपायी ज्यांना अख्खं वर्ष घरी बसवलं होतं, तेच. त्यांच्यासमोर जर निघालं की मास्तरांचाच आटा उलटा पडला होता, तर उद्या सगळ्या तालुक्यात झालं असतं. ह्या वयात हे ऐकून मास्तर पेन्सिलीला हात लावणार नाहीत, ह्याची मला खात्री होती.

सोऱ्याचा दांडा झिजला होता आणि झाकणही. दोन्ही नवीन करायला धुळाप्पाच्या शेडमध्ये जायचं ठरलं, कारण पहिला सोऱ्या त्यानंच केला होता. लक्ष ठेवावं म्हणून मीही निघाले. रिक्षात बसल्यावर बघते तर अर्पिताच्या हातात ट्रेसिंगची गुंडाळी. सकाळी कॉलेजच्या कार्यक्रमासाठी इरकल काढताना तिला सापडली होती. उंदरांनी खाल्लेला कागद अख्खा मिळाला म्हणून पोरगी खुशीत. मी सगळा रस्ता रुद्राक्षाची माळ ओढत होते.

धुळाप्पाची शेड हैदराबाद रस्त्याला आहे. ट्रकवाले रांग लावून असतात. दारावर पाटी, 'डाव्या आट्याचे काम खात्रीने'. धुळाप्पा आता बहात्तरचा, लेथचं यंत्र मुलगा चालवतो, पण डावा आटा आला की म्हातारा स्वतः उठतो. सोऱ्या बघितला तसा त्यानं नातवाला घ्यावं तसा मांडीवर घेतला.

मग त्यानं सुरू केलं. घरची मेंढरं होती, ती सोडून हा लेथ शिकायला आलेला. लग्न नुकतंच झालेलं. सहा महिने नुसता लोखंडाचा कीस झाडला. मालकानं सांगून ठेवलं होतं की पहिलं काम बिघडलं तर परत मेंढरामागं जायचं. आणि पहिलं काम आलं ते मास्तरांचा सोऱ्या.

"कागद असा पातळ, अक्का, टेबलावर धड दिसंना. म्हनून खिडकीच्या काचंला लावला, उजेडात. आन् माजे हात तेलाचे. मास्तरची शाई खराब व्हायला नको म्हनून शाईची बाजू काचंकडं केली, माज्याकडं पाठ. मंग लख्ख दिसलं."

अर्पिता मध्येच म्हणाली, "पण आजोबा, अक्षरं उलटी नाही का दिसली?"

"पोरी, विंग्रजी मला सुलटं काय न् उलटं काय."

पुढचं तो मोठ्या अभिमानानं सांगायला लागला. मास्तर सोऱ्या न्यायला आले, मालक शेजारीच उभा. मास्तरांनी मूठ फिरवून बघितली. काचेवरच्या कागदाकडे बघितलं, मग धुळाप्पाकडे. आणि मालकाला म्हणाले, डावाच हवा होता, पोरगं पहिल्याच दमात साधलंय, ह्याला सोडू नका. त्या एका वाक्यावर धुळाप्पाचा संसार उभा राहिला होता, आणि दारावरची पाटीसुद्धा.

मी स्टुलावर बसले. कागद उलटा लागला, तसे आटेही उलटे उतरले; मास्तर चुकलेच नव्हते. जो माणूस चुकला नाही त्याच्यासाठी मी बावन्न वर्षं डाव्या हातानं लसूण ठेचत होते.

तेवढ्यात अर्पितानं बाकावर ट्रेसिंग उलगडलं. शाईची बाजू वर. अठ्ठावीस रेघा डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या, सरळसरळ उजवा आटा. पोरगी हुशार, एका नजरेत समजली. "आजोबा, हा तर..." म्हणून तिनं तोंड उघडलं. धुळाप्पा चष्मा पुसत बाकाकडे यायला लागला. अक्षर त्याला आजही येत नाही, पण पन्नास वर्षं आटे मारलेल्या माणसाला चढ कळायला अक्षर लागत नाही.

मी उठले आणि कागद पालथा घातला. कोपऱ्यांवर नट आवळायचे दोन लोखंडी पाने ठेवले. वारं लई आहे, म्हणाले.

धुळाप्पा वाकला. एकेका आट्यावरून बोट नेत मोजलं. "डावाच की. अठ्ठावीस. एकबी हुकला न्हाय." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "अक्का, आता दांडा न् झाकण दोनी नवीन हायत. तुमी म्हनाल तसं करतो. डावा मारू का उजवा?"

बावन्न वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. उत्तर अगदी ओठावर होतं.

"डावाच मार," मी म्हणाले. "मला दुसरा कसा चालंल?"

अर्पितानं तोंड मिटलं. चहा आला, तो मी डाव्या हातानं घेतला.

घरी आल्यावर मात्र मी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले. धुळाप्पाला वाचवलंत ते बरं केलंत, पण निदान मला सांगायचं होतं, म्हणाले.

"तू विचारलं नाहीस."

"कशी विचारणार? मला वाटलं तुम्हीच चुकलात. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून गप्प बसले."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे इतकी वर्षं तुला वाटत होतं, माझी रेघ चुकली?"

मी डावरेपणाचा हिशेब मागायला गेले होते, आणि दुखावले गेले ते. त्यानंतर चार दिवस वाढलेलं जेवायचे आणि मीठसुद्धा अर्पिताकडून मागायचे.

पाचव्या दिवशी तोंडी परीक्षा झाली. बालाजी सरांनी डाव्या आट्याचं कारण विचारलं. अर्पितानं सांगितलं, वापरणारी डावरी आहे. सर म्हणाले, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे, आणि जाड-बारीक रेघांत फरक पुरेसा नाही म्हणून दोन गुण कापले. ते ऐकून मास्तर चार दिवसांत पहिल्यांदा हसले. मग मला हाक मारून म्हणाले, तो कागद आण.

कागद टेबलावर पसरला, शाईची बाजू वर. भिंग माझ्या हातात दिलं.

"मोज. कुठं चूक दिसते का सांग."

मी एकेक आटा बघत गेले. माझा मोतीबिंदू गेल्याच वर्षी निघालाय, दिसायला लख्ख दिसतं. एकोणिसाव्या आट्याची रेघ पुढच्याला केसभर चिकटली होती. मास्तर श्वास धरून बसले होते.

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."