दोन विहिणी, एक दांडी

आमच्या जावयाला, रॉइसला, एक वाईट खोड आहे. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात घालायचा आणि वर उपकार केल्याचा चेहरा करायचा. मी चर्चमध्ये लेफ्साच्या, म्हणजे बटाट्याच्या नॉर्वेजियन पोळ्या लाटायला गेले होते, तेवढ्यात यानं माझं पिस्तूल खोललं.

“सासूबाई, नळीखालच्या स्प्रिंगमधली ती प्लास्टिकची दांडी काढली बघा. अस्सल पोलादी बसवली. प्लास्टिक खेळण्यात शोभतं.”

“जुनी कुठाय?”

“कचऱ्यात.”

ती दांडी माझ्या धाकटीच्या लग्नाआधीची. जरा लवायची, पण मोडली कधी नाही. आणि खरा प्रश्न मोडण्याचा नव्हताच. शनिवारी बंबखान्यामागे नेमबाजी होती. तिथं दोन गट असतात. कंपनीतून आलं तसंच पिस्तूल असलेल्यांचा एक, आणि नटवलेल्या पिस्तुलांचा दुसरा. एक भाग जरी बाहेरचा निघाला तरी माणूस दुसऱ्या गटात, दुर्बिणीवाल्या पोरांच्यात. डुकराच्या मांडीचा धुरी दिलेला अख्खा हॅम मिळतो तो पहिल्या गटात. तो कधी मी नेते, कधी रॉइसची आई बर्नाडीन. आम्हां विहिणींची पिस्तुलं एकाच घाटाची.

“आतली दांडी कोण बघतंय?” रॉइस म्हणाला.

“टोक नळीखाली आरशासारखं चमकतंय. आंधळा पंच आणणारेस का?”

शनिवारी मीच आधी पंचाला, आर्लोला, सांगून टाकलं. त्यानं हळहळत मला पोरांच्यात घातलं. मग बर्नाडीनचं रिकामं पिस्तूल तपासायला घेतलं आणि तो थांबला. दांडीच्या टोकावर लाल ठिपका.

चर्चच्या जेवणाला आमच्याकडे प्रत्येकीच्या भांड्यावर खूण असते, नाहीतर चांगलं भांडं दुसऱ्याच घरी नांदायला जातं. माझी खूण लाल नेलपॉलिशचा ठिपका. भांड्यांवर, फावड्यावर, पिस्तुलाच्या भागांवरसुद्धा. गावात ती न ओळखणारा माणूस नाही.

“आर्डिथ,” आर्लो म्हणाला, “तुझी बटाट्याची परात इथं कशी आली गं?”

लोक हसले. रॉइस कॉफीच्या किटलीकडे असा बघायला लागला, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय.

“रॉइस,” बर्नाडीन म्हणाली, “तू म्हणालास, दुकानातून नवी आणली.”

“आई, दुकानात पोलादीच होती. आणि तुझी तुटली होती.”

“तुटली नव्हती. तू पक्कडीनं ओढून तोडलीस.”

“पण पोलादी जास्त चांगली असते. म्हणून तर सासूबाईंना दिली.”

“मग मला का नाही दिलीस चांगली?”

“तुला हॅम हवा होता ना.”

यावर मात्र हसू लपवायला आर्लोलाही तोंड फिरवावं लागलं. मग तो म्हणाला, दांडी आर्डिथला परत, बर्नाडीन पोरांच्यात. तिनं पिस्तूल पुढं केलं. एकही गोळी न झाडता हॅम माझा झाला होता. पण तसला हॅम घशाखाली कसा उतरायचा? ही बाई सगळा हिवाळा म्हणत फिरली असती, मी समोर नव्हते म्हणून जिंकली.

“आर्लो,” मी विचारलं, “नियमात भाग कंपनीचा लागतो, की ज्याचा त्याचाच?”

“कंपनीचा.”

“मग आधी मी मारते. नंतर हीच दांडी तिच्यात घाला.”

“काढ-घाल कोण करणार?”

सगळ्यांनी रॉइसकडे पाहिलं. त्यानं घाईघाईनं दांडी ओढली, तशी स्प्रिंग उडून जेवणाच्या टेबलावरच्या घेवड्याच्या पातेल्यात पडली. ती शोधायलाही तोच.

मी निशाणाच्या सगळ्या पत्र्याच्या थाळ्या पाडल्या, पण शेवटच्या थाळीला दोन गोळ्या गेल्या. बर्नाडीननं एकही गोळी वाया घालवली नाही. माझ्या दांडीवर.

“विहीणबाई,” हॅम काखेत मारून ती म्हणाली, “दांडी चांगली सांभाळलीय हो तुम्ही.”

“तुमचा लेक तेवढा सांभाळायचा राहिला,” मी म्हटलं, आणि वळले. तो गाडीत बसायच्या बेतात होता.

“रॉइस, इकडे ये. अर्धा हॅम माझ्या दांडीनं जिंकलाय, तेव्हा उद्या तुझी आई आणि तो हॅम, दोघंही माझ्या घरी जेवायला. कापायचा तू, वाढायचा तू, आणि स्वतः नुसते बटाटे खायचे. सुरी मी देईन. प्लास्टिकची.”