गोळ्यांचा वानोळा

माझा नवरा ललित सातपूरच्या कंपनीत कायम झाला आणि आमच्या घराला विम्याचं कार्ड मिळालं. त्याच्या पगारातून दर महिन्याला थोडे पैसे कापून घेतात. त्यात डॉक्टर आला, औषध आलं. सासूबाईंना ब्लडप्रेशर. त्यांच्या गोळ्या मेडिकलमधून घ्यायच्या म्हटलं असतं तर किराण्याला हात आखडावा लागला असता. शेजारणी म्हणायच्या, फुकट ते पौष्टिक. माझा मात्र विमा दवाखान्यातल्या त्या फुकटच्या गोळ्यांवर भरवसा नव्हता.

परवा धुणं वाळत घालताना सासूबाई मटकन खाली बसल्या. काल त्यांना विमा दवाखान्यात नेलं. प्रेशर फार वाढलंय, असंच राहिलं तर एक बाजू लुळी पडेल, गोळी वाढवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. माझं डोकंच फिरलं. तशीच औषधाच्या खिडकीशी गेले आणि आतल्या बाईंना भरल्या रांगेसमोर नाही नाही ते बोलले. कामगारांना खडूचे तुकडे वाटता, साहेबांच्या आईलाही हेच देता का, असं सगळं. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. बाई बिचाऱ्या लालबुंद झाल्या, पण उलटून बोलल्या नाहीत.

तेवढ्यात सासूबाईंनी माझा पदर ओढला.

"तिला बोलू नको आशा. गोळ्या चांगल्या हायेत. मीच सगळ्या खात नाय."

मला वाटलं, विसरत असतील. कसल्या विसरतात! त्यांच्या कळवणच्या बहिणीला, भागुबाईंना, हाच आजार. मुलगा मजुरीला जातो, त्याला कुठलं आलंय कार्ड? बहिणीकडे जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, काहीतरी वानोळा न्यायचा, ही आमच्याकडची रीत. एक दिवस गोळी स्वतः खायची, एक दिवस बहिणीसाठी ठेवायची, आणि कळवणला जाताना पुडी बांधून न्यायची. हा त्यांचा वानोळा.

"ती बी माझ्याच आईची लेक हाय," त्या खाली बघत म्हणाल्या.

रांगेत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुठं तोंड लपवू असं झालं मला. खिडकीतल्या बाईंची माफी मागितली, तर त्या एवढंच म्हणाल्या, आजींना रोज देत जा. पुन्हा आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, कार्डावर मुलाचे आईवडील बसतात, मावशी बसत नाही. एकीची गोळी दुसरीला देऊ नका, बहिणीला सरकारी दवाखान्यात दाखवा.

घरी येताना मीच म्हटलं, मावशींना इकडे आणू, सिव्हिलला दाखवू.

आज सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी त्यांच्यापुढं गेले. त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, वर पाण्याचा घोट घेतला. देवाशपथ सांगते, मी काही विचारलं नव्हतं. तरी त्यांनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं आणि जीभ वर करून दाखवली.