बाउरोचा हात

किरिबाटीच्या राष्ट्राध्यक्ष तोआकाईंची बहीण ओनोटोआ बेटावर बाळंतपणात डॉक्टरची वाट पाहतच दगावली. म्हणून फिरत्या दवाखान्याची एक बोट घ्यायची, आणि पहिलं वर्षभर ती तिथेच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण संसदेत त्या ठरावावर मतदान होतं त्या सकाळी त्यांचा मावसभाऊ, खासदार बाउरो, विरोधकांत जाऊन बसला. बहुमत एका मताने गेलं. तोआकाईंना खुर्चीत बसवेना. त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"ताई, बोट पहिलं वर्ष माझ्या मतदारसंघाला, निकुनाउ बेटाला."

"अरे, राष्ट्राध्यक्ष मी आहे!"

"आहेस की. पण बहुमताला हात माझा लागतोय ना?"

त्यांनी मान्य केलं. ठराव मंजूर झाला. टाळ्या चालू असतानाच ओनोटोआहून आईचा फोन आला.

"बोट कधी येणार गं?"

"यंदा नाही, आई."